गोम, मेख आणि ताळा

पेडणे आणि डिचोली तालुक्यांतली मुलं घरी कोकणी बोलतात, वर्तमानपत्र मराठी वाचतात, भजनं मराठीत म्हणतात आणि इलेक्ट्रॉनिक्स इंग्रजीत शिकतात. अशा मुलांच्या टेबलावर मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड आणि त्याला जोडायचा, प्रोग्राममधल्या चुका शोधणारा डिबगर आला की जी बोली तयार होते, ती ऐकत बसावं अशी असते. ‘‘एसटी-लिंक लाव रे. पयलीं ग्राउंड लाव.’’ ‘‘फ्लॅश मारला?’’ ‘‘मारला, पूण चलना.’’ ‘‘मागीर ब्रेकपॉइंट घाल आनी थांबय.’’

या वाक्यांत एसटी-लिंक, ग्राउंड, फ्लॅश, ब्रेकपॉइंट ही नामं बाहेरची आहेत. लाव, मार, चलना, घाल, थांबय ही क्रियापदं घरची आहेत. बाहेरून आलेलं एकही क्रियापद या संभाषणात नाही. मुलं डिचोलीची असोत, बांद्याची असोत की पुण्याची, प्रमाण थोडंफार हेच राहतं. मला या वाटणीबद्दल बोलायचं आहे, कारण तंत्रज्ञानाच्या मराठीची चर्चा निघाली की सगळा जोर नामांवर जातो. मायक्रोकंट्रोलरला ‘सूक्ष्मनियंत्रक’ म्हणायचं का, डिबगरला ‘दोषमार्जक’ म्हणायचं का, यावर माणसं हिरिरीने भांडतात. काम ज्यांच्या जिवावर चालतं त्या क्रियापदांकडे, आणि काही अस्सल जुन्या शब्दांकडे, कोणी बघत नाही.

वस्तू आली की तिचं नाव तिच्याबरोबर येतं, हे गोव्याला कोणी शिकवायला नको. पेडण्याहून शापोरा नदी ओलांडली की बार्देशात आसगाव लागतं. मोन्सिन्योर सेबास्तियांव रुदोल्फ दाल्गादो यांचा जन्म १८५५ साली त्या गावात झाला. आशियातल्या पन्नासेक भाषांमध्ये कोणते पोर्तुगीज शब्द मुरले, याचा त्यांनी केलेला कोश १९१३ साली प्रसिद्ध झाला. त्याचं इंग्रजी भाषांतर १९३६ साली बडोद्याहून निघालं. शब्दांवर प्रेम करणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने तो एकदा तरी चाळावा. चावी, लिलाव, घमेलं, फीत, पिंप, काडतूस, बिजागरी, बटाटा, नाताळ अशी आपली किती नामं तिकडून आली ते पाहून माणूस थक्क होतो. पण त्याहून मोलाची गोष्ट दोन शब्दांत दडलेली आहे. पोर्तुगीजमध्ये ‘पगार’ हे क्रियापद आहे, त्याचा अर्थ ‘पैसे चुकते करणे’. मराठीत येताना ते नाम झालं, आणि आपण पगार ‘घेतो’, ‘देतो’, ‘वाढवतो’. इस्त्रीचं मूळ सांगतात ते ‘एस्तिरार’ म्हणजे ‘ताणणे’ हेही क्रियापदच. तेही उंबरठ्यावर नाम झालं आणि आपण इस्त्री ‘फिरवायला’ लागलो. म्हणजे परक्या क्रियापदालाही मराठी आधी नाम करून घेते, मग त्याला आपलं क्रियापद जोडते. ‘फ्लॅश मार’, ‘रिसेट दे’, ‘स्टेप घे’, ‘डिबग कर’ यांत आज तेच चाललंय. भाषा बिघडत असल्याची ही खूण मानू नये. चारशे वर्षांची सवय आहे ती.

पेडणे आणि डिचोलीच्या बाबतीत आणखी एक थर आहे. हे तालुके पोर्तुगिजांच्या हाती उशिरा गेले, डिचोली १७८१ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ साली. तिसवाडी, बार्देश, साष्टीच्या मानाने दोन शतकांहून जास्त उशीर. त्याआधी इथे सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल होता आणि त्या दरबाराचा कारभार मराठीत चाले. त्यामुळे हिशेब, तपासणी, पहारा या कामांचे मराठी शब्द, त्यांतले फारसी मुळाचेही, इथल्या बोलीत खोल बसलेले आहेत. डिबगरला नेमके हेच शब्द लागतात.

आधी त्या चिपच्या नावाकडे जाऊ. ‘कंट्रोलर’ म्हटलं की आपल्या मनात हुकूम सोडणारा माणूस येतो. शब्दाचं मूळ मात्र खतावणीत आहे. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘काँत्रारोतुलुस’ म्हणजे ‘समोरची गुंडाळी’. खजिनदार आपला हिशेब एका गुंडाळीवर लिही आणि दुसरा एक कारकून त्याच नोंदी वेगळ्या गुंडाळीवर ठेवी. दोन्ही समोरासमोर धरून जुळतात का पाहायचं. ही दुसरी गुंडाळी सांभाळणारा तो फ्रेंचमधला ‘कोंत्ररोल्यर’, म्हणजे आजचा कंट्रोलर. मराठी दरबारात हिशेबाची अशी छाननी मुजुमदाराकडे असे. तेव्हा हुकमत हा या शब्दाचा नंतरचा अर्थ आहे. पहिला अर्थ ताडून पाहण्याचा. ‘सूक्ष्मनियंत्रक’ हा शब्द या नंतरच्या अर्थाचं भाषांतर करतो, त्यामुळे त्यात ती जुनी गुंडाळी हरवते. पाण्याच्या टाकीवरची एवढीशी चिप खरं तर तेच जुनं काम करत असते: टाकीत पाणी असायला हवं एवढं, आहे एवढं, फरक किती, पंप चालू की बंद.

आता प्रत्यक्ष जोडणी. शिकाऊ मुलांच्या हातात बहुधा ‘ब्लू पिल’ नावाचा निळा बोर्ड असतो. त्यावर एसटीएम३२एफ१०३ ही चिप, आत कॉर्टेक्स-एम३ गाभा, ७२ मेगाहर्ट्झचा वेग, ६४ किलोबाइट फ्लॅश आणि २० किलोबाइट रॅम. बोर्डाच्या एका टोकाला चार पिना बाहेर डोकावतात: ३.३ व्होल्ट, डेटा, क्लॉक आणि ग्राउंड. दुसऱ्या बाजूला लॅपटॉपच्या यूएसबीत खुपसलेला, अंगठ्याएवढा एसटी-लिंक, म्हणजे तो डिबगर, त्याला दहा पिना. चार वायरींनी चार पिना जोडायच्या, एवढंच काम. पण एसटी-लिंकच्या स्वस्त नकलांमध्ये पिनांचा क्रम एका खेपेला एक आणि दुसऱ्या खेपेला दुसराच असतो, म्हणून दुसऱ्याच्या फोटोवरून जोडू नये. आपल्या हातातल्या डबीवर छापलेलं वाचूनच जोडावं.

‘पिन’ हा इंग्रजीतला फार जुना शब्द. त्याचा मूळ अर्थ खुंटी, लाकडाची मेख. आणि ‘मेख’ म्हटलं की मराठी कान टवकारतात. मेख हा फारसीतून आलेला शब्द. खुंटा, खिळा, तंबूचा दोर बांधायचा खुंट असा त्याचा अर्थ. मराठी फौजांच्या छावण्यांत तंबू उभे राहिले ते मेखांवर. पुढे मराठीने या मेखेला एक अर्थ जास्तीचा दिला. ‘इथेच तर मेख आहे’ म्हणजे अडचण नेमकी या जागी आहे. ‘मेख मारून ठेवली’ म्हणजे दुसऱ्याच्या कामात मुद्दाम अडथळा घातला. ‘ग्यानबाची मेख’ तर सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे एकाच शब्दात धातूची खुंटीही आहे आणि न दिसणारी अडचणही. डिबगर जोडताना दोन्ही एकाच ठिकाणी भेटतात. नवख्याचं काम दहातल्या नऊ वेळा अडतं ते प्रोग्राममुळे नसतं; कुठली तरी मेख चुकीच्या मेखेला जोडलेली असते. डेटा आणि क्लॉक यांची अदलाबदल झालेली असते, नाही तर ग्राउंड राहून गेलेलं असतं.

ग्राउंडला आपले वायरमन ‘अर्थ’ म्हणतात. ‘अर्थ दिला काय?’ हा प्रश्न गोव्यात घराघरांतून ऐकू येतो. हा इंग्रजी ‘अर्थ’, म्हणजे जमीन, जर्मानिक कुळातला. आपला ‘अर्थ’ संस्कृतातला, हेतू आणि धन आणि मतलब सांगणारा. दोघांचं नातं काहीच नाही. आवाज सारखा म्हणून नातं जोडायचा मोह शब्दचर्चेत पदोपदी होतो आणि तो आवरावा लागतो. तरीही या योगायोगाने शिकवणाऱ्याचं काम सोपं होतं, हे खरं. व्होल्टेज हे नेहमी कशाच्या तरी तुलनेत असतं. लॅपटॉपचा ग्राउंड आणि बोर्डाचा ग्राउंड एक नसेल तर डेटाच्या वायरीवरून येणारे शून्य आणि एक चिपला वाचताच येत नाहीत. मी मुलांना एवढंच सांगतो की अर्थ एक नसेल तर अर्थ लागणार नाही, आणि ते पुन्हा विसरत नाहीत.

जिथे ग्राउंड लावतात तिथे सोल्डरही येतो. ब्लू पिलच्या दोन्ही कडांच्या पिना बऱ्याचदा सुट्या मिळतात, त्या स्वतः बसवाव्या लागतात. सोनार ‘डाक’ लावतो, ‘झाळतो’. हे शब्द डिचोलीच्या बाजारात सोनाराच्या पेढीवर अजून जिवंत असतील; इलेक्ट्रॉनिक्सच्या टेबलावर मात्र ‘सोल्डर मारतात’. ही हानी मला लागते, कारण ‘झाळणे’ हे क्रियापद आहे आणि इथे चक्क क्रियापद मागे पडलंय. सोनाराचं झाळकाम आणि बोर्डावरचं झाळकाम यांत तापमानाचा आणि धातूचा फरक आहे. हाताची रीत तीच: आधी जागा स्वच्छ, मग ती तापवायची, मग धातू आपसूक वाहत जाऊन बसतो.

या झाळकामाचा आणि डिबगरचा जन्माचा संबंध आहे. १९८० च्या दशकात चिपांचे पाय इतके बारीक आणि दाट झाले की बोर्ड तपासायची जुनी पद्धत, म्हणजे बोर्ड खिळ्यांच्या गादीवर दाबून प्रत्येक सांध्याला खिळा टेकवायचा ती, चालेनाशी झाली. मग १९८५ साली काही कंपन्यांनी एकत्र येऊन ‘जॉइंट टेस्ट ॲक्शन ग्रुप’ स्थापला आणि चिपच्या पोटातूनच तिचे सांधे तपासायची सोय ठरवली. १९९० साली ती आयईईई ११४९.१ या क्रमांकाचं प्रमाण झाली. गटाच्या नावाची आद्याक्षरं म्हणजे जेटॅग. सांधे तपासायला केलेल्या या दारातून पुढे लोक थेट प्रोसेसरच्या गाभ्यापर्यंत पोचले, त्याला थांबवू लागले, त्याची मेमरी वाचू लागले. आर्म कंपनीने नंतर तेच काम दोन वायरींत बसवलं. आपल्या ब्लू पिलवर दिसतात त्या डेटा आणि क्लॉकच्या दोन पिना त्याच. म्हणजे ‘जेटॅग’ या शब्दात डिबगिंग कुठेच नाही. त्यात आहे ती एक समिती, आणि तिने हाती घेतलेली चाचणी.

वायरी बसल्या की लॅपटॉपवर ओपनओसीडी चालवायचं. डोमिनिक राथ नावाच्या जर्मन विद्यार्थ्याने आउग्सबुर्गच्या तंत्रशिक्षण संस्थेत पदविकेचा प्रबंध म्हणून २००५ साली हा प्रोग्राम लिहिला, आणि आज तो जगभर मोफत वापरला जातो. तो चालू झाला की पहिलं काम चिपला तिची ओळख विचारण्याचं. अस्सल चिप उत्तर देते ०एक्स१बीए०१४७७. काही नक्कल चिपा उत्तर देतात ०एक्स२बीए०१४७७. एवढ्या लांब आकड्यात सुरुवातीचा एक अंक वेगळा, पण ओपनओसीडी लगेच थबकतं आणि अनपेक्षित ओळख मिळाल्याचं सांगतं.

‘नक्कल’ हा शब्द अरबी ‘नक़्ल’वरून आला. मूळ अर्थ एका जागेहून दुसऱ्या जागी नेणं, उतरवून घेणं. कोर्टात आपण निकालाची नक्कल मागतो तेव्हा त्यात फसवणूक नसते. नाटकातली नक्कल म्हणजे थट्टा. चिपची नक्कल म्हणजे खोटा माल. एकाच शब्दाचा आब तीन ठिकाणी तीन प्रकारचा. या शब्दाला शेजारी आहे तो ‘उतारा’. गोव्यात जमीन ज्याच्या नावावर आहे त्याला एक-चौदाचा उतारा ठाऊक असतोच. चिपच्या फ्लॅशमध्ये काय आहे ते वाचून फाइलीत घेण्याला इंग्रजीत ‘डंप’ म्हणतात, म्हणजे धाडकन ओतलेला ढीग. मला ‘उतारा’ कितीतरी सरस वाटतो. मूळ जागच्या जागी राहतं आणि आपल्या हाती त्याची खरी प्रत येते, हे त्या शब्दात आहे. त्याची जोडीही तयार आहे: प्रोग्राम चिपवर ‘चढवायचा’ आणि चिपमधून ‘उतारा’ काढायचा.

प्रोग्राम चढवण्याला मुलं ‘फ्लॅश मारणे’ म्हणतात, जुनी माणसं ‘बर्न करणे’ किंवा ‘जाळणे’. हा ‘जाळणे’ शब्दशः खरा होता. सुरुवातीच्या काही मेमऱ्यांमध्ये आत बारीक फ्यूज असत. जास्त वीज सोडून हवे ते फ्यूज वितळवायचे. वितळला तो एक आकडा, उरला तो दुसरा. एकदा जळलं की परत नाही. ‘फ्लॅश’ची गोष्ट उलटी आहे. तोशिबामधले फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली जगापुढे ठेवलेल्या या मेमरीत मोठा भाग एका दमात पुसता येई. त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांना त्या पुसण्यावरून कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण झाली आणि तेच नाव पडलं. म्हणजे फ्लॅश हे नाव पुसण्याचं आहे, आणि आज आपण ते लिहिण्यासाठी वापरतो. लिहिण्याआधी पुसावंच लागतं, म्हणून कोणाला खटकत नाही.

चढवून झालं की पडताळणी. इथे मला मराठीचा फार अभिमान वाटतो, कारण आपल्याकडे ‘ताळा’ आहे. शाळेत गुणाकार झाला की नवाचा ताळा करत. सत्तेचाळीस गुणिले सहा, उत्तर दोनशे ब्याऐंशी. ४ आणि ७ मिळून ११, म्हणजे २. त्याची सहापट १२, म्हणजे ३. उत्तरात २, ८, २ मिळून १२, म्हणजे ३. ताळा जमला. मोठ्या मजकुरातून एक लहान आकडा काढायचा आणि तो दोन्हीकडे जुळतो का पाहायचं. संगणकातला चेकसम म्हणजे हेच. नवाच्या ताळ्याची कमतरताही तशीच शिकवण्याजोगी आहे. कोणी २८२ ऐवजी २२८ लिहिलं तरी ताळा जमतोच, कारण अंकांची जागा बदलली तरी बेरीज बदलत नाही. म्हणून यंत्रांसाठी सीआरसीसारखे ताळे केले गेले, ज्यांत जागा बदलली की उत्तरही बदलतं. ‘पडताळा’ या शब्दातला ‘पड’ मी ‘प्रति’ असा वाचतो. ‘पडसाद’ आणि ‘पडछाया’ यांत तो तसाच आहे. तसं असेल तर प्रति-ताळा आणि मघाची काँत्रा-रोतुलुस, समोरची गुंडाळी, यांची घडण अगदी एक आहे. इंग्रजीतला ‘व्हेरिफाय’ मुलांच्या तोंडी कायमचा बसण्याआधी ‘ताळा बघितला काय?’ असं त्यांना विचारायची सवय मी लावली आहे.

यानंतर खरा डिबगर सुरू होतो, म्हणजे चालत्या प्रोग्रामला मध्येच उभं करणं. ‘ब्रेकपॉइंट’ हा शब्द १९४० च्या दशकातल्या एनियाक या अवाढव्य यंत्रापर्यंत मागे जातो, आणि त्याचं श्रेय त्या यंत्राच्या प्रोग्रामर बेटी होल्बर्टन यांना दिलं जातं. तिथे प्रोग्राम म्हणजे वायरींची जोडणी होती. यंत्र हव्या त्या ठिकाणी थांबवायचं तर तिथली वायर उपसायची, जोडणी तोडायची. ‘ब्रेक’ म्हणजे तेव्हा खरोखर तोडणं होतं. मराठीत याला ‘थांबा’ म्हणावं असं मला मनापासून वाटतं. गोव्यातल्या कदंबच्या बसचा थांबा सगळ्यांना माहीत आहे. गाडी तिथे थांबते, उतरणारे उतरतात, गाडी पुढे जाते. काही तुटत नाही. आजच्या ब्रेकपॉइंटवरही काही तुटत नाही. ‘थांबणे’चं कूळ पाहिलं तर ते संस्कृत ‘स्तंभ’चं, आणि स्तंभ म्हणजे खांब. थांबणं म्हणजे खांबासारखं उभं राहणं. कॉर्टेक्स-एम३ मध्ये असे थांबे सहाच मिळतात. फ्लॅशमधला मजकूर मनात येईल तेव्हा बदलता येत नाही, म्हणून चिपच्या आत सहा तुलनायंत्रं बसवलेली असतात. प्रत्येक एकेका पत्त्यावर नजर ठेवतं. सातवा थांबा मागितला की नकार येतो. जपून वापरायला शिकायचं तर ही मर्यादा चांगली आहे.

थांब्यापेक्षाही उपयोगी आणि कमी माहीत असलेली सोय म्हणजे ‘वॉचपॉइंट’. प्रोग्रामची ओळ सोडून मेमरीच्या एखाद्या जागेवर लक्ष ठेवायचं. तिथे कोणी लिहायला आलं की प्रोसेसर तिथल्या तिथे थांबवायचा. यासाठी मराठीत ‘पहारा’ तयार आहे. पहारा आला ‘प्रहर’वरून. दिवस आणि रात्र मिळून आठ प्रहर, आणि एकेका प्रहराची राखण म्हणजे पहारा. इंग्रजीतला ‘वॉच’ही असाच: राखणही, राखणीची पाळीही, आणि शेवटी मनगटावरचं घड्याळही. दोन दूरच्या भाषांनी वेळ आणि राखण एकाच शब्दात गुंफली, कारण रात्रभर जागणाऱ्याला दोन्ही एकच असतात. पेडण्याच्या टोकाला तेरेखोलचा किल्ला आहे. तो सावंतवाडीकरांचा, १७४६ साली पोर्तुगिजांनी घेतलेला. नदीच्या मुखावर येणारं-जाणारं गलबत टिपायला त्याची जागा निवडलेली आहे. कॉर्टेक्स-एम३ मध्ये असे पहारे चारच आहेत, आणि त्यांच्याही जागा अशाच विचाराने निवडाव्या लागतात.

थांबल्यावर विचारायचं की इथपर्यंत आलो कसे. इंग्रजीत ‘स्टॅक ट्रेस’. स्टॅकला ‘चळत’ हा शब्द चपखल आहे; नाण्यांची चळत, भाकऱ्यांची चळत, वर ठेवलं ते आधी निघतं. आणि ‘ट्रेस’साठी ‘माग’. माग काढणे हे शिकाऱ्याचं क्रियापद. माग म्हणजे मार्ग, आणि संस्कृत कोशकार मार्गाचा संबंध ‘मृग’शी लावतात: जनावराच्या पावलांनी पडलेली वाट. चळतीवरून माग काढायचा, एकेक पान उचलत मागे जायचं.

आणि आता ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो ‘बग’. १९४७ सालच्या सप्टेंबरात हार्वर्डच्या मार्क २ यंत्रात एक पतंग सापडला, तो नोंदवहीत चिकटवला गेला, ही गोष्ट सगळे सांगतात आणि शब्द तिथून आला असंही सांगतात. पण त्या नोंदीतच म्हटलंय की खराखुरा बग सापडल्याचं हे पहिलंच उदाहरण. म्हणजे शब्द आधीपासून होता. एडिसनने १८७८ सालच्या एका पत्रात बारीकसारीक दोषांना ‘बग’ म्हटलं आहे. ‘डिबगिंग’ १९४५ च्या सुमारास विमानांच्या संदर्भात आढळतं. आणि त्याही मागे, मध्ययुगीन इंग्रजीत, ‘बग’ म्हणजे बागुलबुवा.

मराठीत यासाठी ‘कीड’ सुचवतात. संस्कृत ‘कीट’ची कीड. पेडण्याच्या काजूच्या बागायतदाराला तर बग अगदी शब्दशः ठाऊक आहे. काजूचा मोहोर करपवणारा तो ‘ढेकण्या’, ज्याच्या इंग्रजी नावातही बग आहे. ढेकण्या आला ढेकणावरून, आणि ढेकूण प्राकृतातल्या ‘ढंकुण’वरून. पण कीड आणि ढेकण्या बाहेरून येतात, लागतात, पसरतात. प्रोग्रामातली चूक बाहेरून येत नाही. ती लिहिणाऱ्याने लिहिलेली असते, पहिल्या दिवसापासून तिथेच असते, फक्त दिसत नाही.

त्यासाठी मराठीत फार नेमका शब्द आहे: ‘गोम’. गोम म्हणजे पुष्कळ पायांचा तो किडा. घोड्याच्या अंगावर केसांची जी अशुभ मानलेली रेघ असते तिलाही गोम म्हणत. त्यावरून दडलेला दोष, सहज न कळणारी खोच, ती गोम. ‘यातली गोम अशी की...’ हे आपण रोज बोलतो. किड्याचं नाव आणि दडलेला दोष, दोन्ही एका शब्दात. बगसाठी शब्द शोधायची गरजच नव्हती. घोडी पारखणाऱ्यांनी तो करून ठेवला होता.

टाकीच्या पाण्याच्या एका प्रोग्रामचं उदाहरण सांगतो. पाण्याच्या पातळीची शेवटची आठ मापं साठवायला आठ घरांची रांग केलेली. मोजणी शून्यापासून, म्हणजे घरं शून्य ते सात. लिहिणाऱ्या पोराने अटीत ‘आठपेक्षा कमी’ऐवजी ‘आठ किंवा कमी’ लिहिलं. नववं माप रांगेबाहेर, शेजारच्या घरात जाऊन बसायचं, आणि शेजारच्या घरात पंपाची स्थिती ठेवलेली होती. पंप मधूनच आपोआप चालू व्हायचा. प्रोग्राम वाचून काही कळेना, कारण पंपाला हात लावणारी प्रत्येक ओळ बरोबर होती. मग पंपाच्या घरावर पहारा बसवला. काही सेकंदांतच प्रोसेसर थांबला, आणि थांबला तो मापं साठवणाऱ्या ओळीवर, जिथे पंपाचं नावसुद्धा नव्हतं. पोरगा उडालाच. ‘‘सर, गोम मेळ्ळी!’’

त्याने ‘बग काडलो’ म्हटलं नाही, याचं मला बरं वाटलं, आणि त्याला कारण आहे. ‘डिबग’मधला ‘डी’ काढून टाकण्याचा आहे. मराठीत गोम ‘कळते’, ‘सापडते’, ‘ओळखतात’. गोम ‘काढली’ असं सहसा कोणी म्हणत नाही. घोड्याच्या अंगावरची रेघ काढता येत नव्हतीच; सौदा करण्याआधी ती दिसायला हवी, एवढंच पारख्याचं काम. चार वायरींनी जोडलेला तो एसटी-लिंकही काहीच काढत नाही. तो थांबवतो, पहारा देतो, उतारा देतो. ‘आठ किंवा कमी’ खोडून ‘आठपेक्षा कमी’ लिहायचं काम त्या मुलाने कीबोर्डवर केलं, प्रोग्राम पुन्हा चढवला आणि न सांगता ताळा पाहिला.